मावका न म्हणणारं गाव

द्निस्तर नदीच्या अलीकडे, डोंगर संपून काळ्या मातीची सपाटी सुरू होते तिथे, वेर्बिच नावाचं एक गाव आहे. गावाबाहेर पडलं की राईची वावरं लागतात. राई म्हणजे आपली फोडणीतली मोहरी नव्हे. राई हा तिकडे गव्हाचा गरीब चुलतभाऊ: ताट उंच, दाणा बारीक, आणि त्याचा पाव काळा नि आंबूस. पीक फुलोऱ्यावर आलं की माणसाच्या छातीला लागतं आणि वारा सुटला की सबंध रान पाण्यासारखं हिंदकळतं. या हिंदकळणाऱ्या पिकाच्या मधोमध एक तुकडा असा आहे की त्याला नांगर लावत नाहीत. तिथे रानटी नासपतीचं एक वाकडं झाड आहे. पूर्वी बैल त्याला वळसा घालून जात, आता ट्रॅक्टर जातो. सरकारं बदलली, जमिनीचे मालक बदलले, वळसा तेवढा राहिला.

त्या रानाच्या कडेला दिद ओनुफ्री मधमाश्या पाळतो. 'दिद' म्हणजे आजोबा. पाहुणे आले की तो आधी मध चाखवतो, मग मधाची चौकशी करायला लावतो, आणि बरणी पिशवीत गेली की मगच झाडाकडे बोट करतो. गोष्ट फुकट, मध विकत. धंद्याची रीत म्हणून यात खोट काढता येणार नाही. मात्र पाहुण्यांना वावराकडे नेण्याआधी, घरातच, दार लावून तो एक शब्द सांगतो आणि बजावतो, की हा शब्द तिथे तोंडातून काढायचा नाही. तो शब्द म्हणजे 'मावका'. कागदावर लिहायला त्याची हरकत नसते. कागदाला तोंड नाही, असं त्याचं म्हणणं.

हे नीट कळायला त्या लोकांची एक सवय माहीत हवी. भीती ज्याची, त्याचं खरं नाव ते घेत नाहीत. अस्वलाला तिकडे 'मेद्वीद' म्हणतात. कान दिला तर त्यातला 'मध' आपल्यालाही ऐकू येतो, आणि अर्थही तोच: मध खाणारा. अस्वलाचं जुनं, खरं नाव काय होतं ते आज कुणालाच ठाऊक नाही. घेऊ नये, घेऊ नये म्हणता म्हणता ते हरवूनच गेलं. घराच्या चुलीमागे राहणारा तो 'दोमोविक', म्हणजे घरातला. जंगलात वाट चुकवणारा तो 'लिसोविक', रानातला. डोहात पाय ओढणारा तो 'वोद्यानिक', पाण्यातला. भर दुपारी पिकातून चालत येणारी ती 'पोलुद्नित्सा', दुपारची. बघा, ही कुणाची नावं नाहीत, हे नुसते पत्ते आहेत. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपणही रात्री सापाला 'लांबडं' म्हणतो, आणि आपला वाणी दुकान कधी बंद करत नाही, तो ते 'वाढवतो'. जीभ सैल सुटली की काय ओढवेल सांगता येत नाही, हे जगभरच्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे.

तर वेर्बिचमध्ये असं सांगतात की फार पूर्वी, मीठ बैलगाड्यांनी येत असे त्या काळी, गावात वासिलीना नावाची एक बाई होती. तिचा नवरा पानास मिठाचा वाहतूकदार. हे लोक बर्फ वितळलं की गाड्या जोडून दक्षिणेला समुद्राकडे निघत, तिथल्या खाऱ्या खाजणांतून मीठ भरत, आणि पानगळीच्या तोंडावर परत येत. पानास मोठा बोलघेवडा. कोणत्या घाटावर कोण नावाडी आहे नि त्याची सासू कशी आहे, हे त्याला मिठाच्या भावाइतकंच पाठ असे.

वासिलीना कमी बोलायची, पण निवडून बोलायची. एकूणच तिचा स्वभाव निवडण्याचा. बाजारात मडकं घ्यायला गेली की सगळी उतरंड बोटाने वाजवून बघायची. कुंभार म्हणायचा, "बाई, मडकं नेताय की गाणं?" ती हसायची आणि पुढचं वाजवायची. असं गिऱ्हाईक प्रत्येक दुकानदाराला माहीत असतं. चांगलंच असतं ते, जाणकार असतं. फक्त कधीकधी त्याची निवड होईपर्यंत बाजार उठून जातो.

ती गरोदर असताना पानासला निघावं लागलं. बैलांच्या मानेवर जू ठेवता ठेवता तो म्हणाला, "मुलगा झाला तर माझ्या बापाचं नाव ठेव. मुलगी झाली तर मात्र थांब."

"का रे?"

"गावात मारिया किती, हान्ना किती! विहिरीवर एक हाक मारली की सगळ्याजणी वळतात, आणि हवी ती सोडून बाकीच्या येतात. मी तिकडून नाव घेऊन येतो. मिठाच्या पोत्यावर ठेवून आणतो."

"ओलं होऊन विरघळलं नाही म्हणजे मिळवली," वासिलीना म्हणाली. गाड्यांचा करकराट वळणापलीकडे जाईपर्यंत ती फाटकाशी उभी होती आणि हसत होती, असं सांगतात.

मुलगी झाली. दिवस भरायच्या आधी झाली, आणि मुठीएवढी झाली. सुईण होती ओदार्का. तिकडे म्हाताऱ्या बाईला 'बाबा' म्हणतात, सुईणीलाही बाबाच. आपल्या कानाला ते विचित्र लागेल, पण त्याला इलाज नाही. तर बाबा ओदार्काने पोर हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि नाळ बांधता बांधताच म्हणाली, "नाव सांग, पोरी. पाणी मी घालते."

तिथला रिवाज असा, की नाव ठेवायचं ते देवळातल्या पाद्र्याने. पण पाद्री दुसऱ्या गावी राहायचा. पोर दगावण्याचं भय असेल तर कुणीही, अगदी वाटसरूनेसुद्धा, पाणी शिंपडून नाव उच्चारलं की ते देवाघरी चालतं. एवढी सोय पूर्वजांनी करून ठेवलेली होती.

"तो नाव घेऊन येणार आहे," वासिलीना म्हणाली. "गाड्या घाटापर्यंत आल्यात म्हणतात."

"गाड्या येतील गं. ही थांबेल का?"

तेवढ्यात पोर रडलं. एवढ्याशा जिवातून एवढा मोठा आवाज, की अंगणातल्या कोंबड्या बुजल्या. वासिलीनाचा चेहरा उजळला. "ऐकलंत ना बाबा? असं ओरडणारं मूल कुठे जातंय? दोन दिवस कळ काढेल ती."

पोरीने एकच दिवस कळ काढली.

बिननावाच्या मुलाला दफनभूमीत जागा नाही. ज्याचं नाव नाही त्याच्यासाठी प्रार्थना कुणाच्या नावाने करणार? म्हणून वासिलीनाने स्वतःच्या हातच्या तागाच्या कापडात तिला गुंडाळलं आणि स्वतःच्याच वावरात, रानटी नासपतीखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाड्या आल्या. पानासला वाटेत कुणी काही सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? तो वळणावरूनच ओरडत आला, "वासिलीना! नाव आणलंय गं!" सगळ्या गल्लीने ते ऐकलं. बायकांनी खिडक्या लावून घेतल्या म्हणे.

त्याने ते नाव तिला झाडाखाली, कानात सांगितलं. समुद्राकाठच्या एका नावाड्याच्या आईचं ते नाव होतं. म्हातारी नव्वदीची, पण सगळे दात शाबूत. पानासला वाटलं होतं, नावाला आयुष्य आहे. वासिलीनाने ते ऐकलं, मनात घोळवलं, बोटाने मडकं वाजवावं तसं वाजवून पाहिलं. सुरेख होतं. खोट कुठेच नव्हती.

आता बाबा ओदार्काने तिला जे सांगितलं ते तिकडची प्रत्येक आजी प्रत्येक नातीला सांगत आलेली आहे. नावाशिवाय गेलेलं मूल पुरतं जात नाही. दर वर्षी राई फुलते तेव्हा हिरवा आठवडा येतो. घराघरांना हिरव्या फांद्या बांधतात, जमिनीवर गवत पसरतात. त्या आठवड्यात ते मूल रानावरून रडत फिरतं, नाव मागत. ज्याला ते रडणं ऐकू येईल त्याने अंगावरचं कापड त्या दिशेने फेकायचं आणि म्हणायचं, मुलगा असशील तर इवान, मुलगी असशील तर मारिया. एवढ्याने ते सुटतं. सात वर्षं ही मुभा. सातवा हिरवा आठवडाही कोरडा गेला, तर मात्र ते मूल राहत नाही. त्याची मावका होते. 'नाव' म्हणजे त्यांच्या जुन्या भाषेत मेलेलं माणूस. 'नावका'ची पुढे 'मावका' झाली. आपल्या कानाला तो क्रूर विनोद वाटतो, पण आहे हे असं आहे. समोरून पाहिलं तर मुलगी, हसरी, केस मोकळे. मागून पाहिलं तर तिला पाठच नसते, आणि ती पाठ सातवं वर्ष सरत येतानाच जायला लागते.

"तेव्हा पुढच्या राईपर्यंत धीर धर," बाबा ओदार्का म्हणाली. "अजून काही गेलेलं नाही."

आणि खरोखरच काही गेलेलं नव्हतं.  इथपर्यंत सगळं हातात होतं, असं दिद ओनुफ्री इथे पाहुण्यांना पुन्हा एकदा सांगतो.

पुढच्या वर्षी राई फुलली. वासिलीना आणि बाबा ओदार्का बांधावर उभ्या राहिल्या. ऊन चढलं तशी बाबा एकदम ताठ झाली. तिने डोक्याचा रुमाल सोडला, हात उगारला आणि म्हणू लागली, "मुलगी असशील तर..."

वासिलीनाने तिचं तोंड दाबलं.

"मारिया नाही," ती म्हणाली.

म्हातारी भडकली. "अगं, नाव म्हणजे काय टोपी आहे, मापाची मिळेपर्यंत हिंडायला? ऊन लागतंय पोरीला! मिळेल ती घाल!"

"तिला नाव आहे. बापाने आणलंय."

"मग दे ना ते! कुणी अडवलंय?"

"मला ऐकू येत नाहीये, बाबा. कुठे आहे ती? कोणत्या बाजूला?"

म्हातारीने बोट दाखवलं, पण तोवर ते रडणं पुढे सरकलं होतं. वासिलीनाला नुसता वारा ऐकू येत होता. आईला कधीच ऐकू येत नाही, असं सांगतात. तिच्या कानात तिचंच रडणं भरलेलं असतं.

"मग मला सांग ते नाव," बाबा ओदार्का म्हणाली. "मी म्हणते तुझ्या वतीने."

इथे वासिलीना गप्प झाली. गावातल्या बायका आजही या गप्प बसण्यावर दोन बाजूंनी भांडतात. काही म्हणतात, गर्व. काही म्हणतात, कोणत्या आईला ते सोडवलं असतं? तिने तिला दूध पाजलं नव्हतं धड, न्हाऊ घातलं नव्हतं, चालायला शिकवलं नव्हतं. द्यायला तिच्याजवळ एवढी एकच गोष्ट उरलेली होती. पहिली हाक आईची. तीसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून जावी?

"मी म्हणेन," ती एवढंच बोलली. "मला ऐकू येईल पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी ऐकू आलं नाही. त्याच्याही पुढच्या वर्षी नाही. ऐकू यायचं ते इतरांना: मेंढपाळाला, पाणी नेणाऱ्या बायकांना, एकदा तर वाट चुकलेल्या एका भांडेवाल्याला. पण वासिलीना हिरव्या आठवड्याआधी घरोघर जायची आणि हात जोडून, कधी भांडून, वचन घ्यायची, की माझ्या मुलीला तुम्ही कुणी मारिया म्हणायचं नाही. माणसं भिडेला पडली. रडणं ऐकू आलं की कान झाकून पुढे जायला लागली. मुलीची राखण करायची सोडून ती नावाचीच राखण करत राहिली, आणि दोन्ही एकच आहे अशी तिची समजूत होती.

बाबा ओदार्का म्हातारपणाने गेली. शेवटपर्यंत ती वासिलीनाशी बोलत नव्हती. पानासचा बोलघेवडेपणा वर्षावर्षाने उतरत गेला. सहाव्या वर्षी राई फुलायच्या आधी तो चुलीपाशी बसून म्हणाला, "मी एक गोष्ट सांगू का?"

"सांग."

"मीठ उशिरा आलं तरी मीठच असतं. लोणच्यात नाही पडलं तर मांसाला लागतं, नाही तर बैल चाटतो. नावाचं तसं नसतं. मी उशिरा आणलं. मीच म्हणतो, टाकून दे. मारिया म्हणू दे कुणालाही. सुटू दे पोरीला."

"तू वळणावरून ओरडत आला होतास," वासिलीना म्हणाली. "मी ऐकलं होतं. इतक्या आनंदात तू परत कधी ओरडला नाहीस. ते मी टाकू?"

 सहावं वर्षही तसंच गेलं.

मग सातवं आलं. हिरव्या आठवड्यातला गुरुवार सर्वांत जड. त्या दिवशी कुणी शेतात पाऊल टाकत नाही. वासिलीना एकटी गेली. सकाळपासून ती कुणाशी बोलली नव्हती, काही खाल्लंही नव्हतं. तोंडात फक्त ते नाव राहावं, दुसरं काही नको, म्हणून. डोक्याला नवा रुमाल बांधला होता, स्वतः विणलेला, फेकण्यासाठी. झाडाखाली उभी राहून तिने कान टवकारले. तान्ह्या मुलाचं रडणं ती शोधत होती.

दुपार झाली. फुलोऱ्याची धूळ पिकावर धुरासारखी तरंगत होती. लावे ओरडायचे थांबले. रडणं काही आलं नाही, आणि येणार तरी कसं? सात वर्षांची मुलगी तान्ह्यासारखी कशाला रडेल? समोरची ताटं बाजूला झाली आणि ती चालत आली.

केस पानासच्या रंगाचे. अंगावर तागाचा झगा, पुरताना गुंडाळलं होतं त्याच कापडाचा, तिच्याबरोबर वाढलेला. हाताने ती राईची लोंबी सोलत होती. येऊन उभी राहिली, आणि ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी वासिलीनाकडे बघू लागली.

"तू झाडाखालची बाई," ती म्हणाली. "तू दर वर्षी येतेस."

वासिलीना झाडापासून एक पाऊल पुढे आली. "तू बघतेस मला?"

"हो. बाकीचे मला काहीतरी म्हणायला येतात. तू त्यांना गप्प करतेस." यात तक्रार नव्हती. पाऊस पडतो, तसं सांगितलं. मग जरा पुढे सरकून, मान तिरकी करून म्हणाली, "तू का नाही मला काही म्हणत?"

वासिलीनाने रुमाल सोडला. हात वर केला. सात वर्षं तोंडात धरलेलं नाव जिभेच्या टोकाशी आलं. ओठ उघडले.

आणि त्याच वेळी त्यांच्या पायांतून एक लावा फडफडत उडाला.

लहानच ती. पक्षी उडाला की कोणतंही मूल वळून बघतं. ती वळली.

मागे पाठ नव्हती. जुन्या विलोच्या झाडाच्या पोकळ खोडात डोकावल्यावर दिसतं तसं दिसलं: काळोख, आणि काळोखाच्या पलीकडे उन्हात हलणारी राई.

वासिलीना त्याच गावात जन्मलेली, तिथल्याच आज्यांच्या मांडीवर वाढलेली होती. पाठ नसलेलं काही दिसलं की कोणता शब्द ओरडायचा, हे तिला बोलता येण्याआधीपासून पाजलेलं होतं. तो शब्द तिने निवडला नाही. उभ्या जन्मात न निवडता उचललेली ती एकच गोष्ट. हातातून रुमाल सुटला आणि तोंडातून शब्द:

"मावका!"

रुमाल मुलीच्या खांद्यावर पडला. कापड आणि शब्द, दोन्ही एकदम. नेम बरोबर होता, रीत बरोबर होती.

मुलगी परत वळली. तिचा चेहरा असा काही खुलला होता, की वासिलीनाला पुढचं सगळं आयुष्य डोळे मिटले की तोच दिसायचा, म्हणे. "मावका," तिने म्हणून पाहिलं. नवा परकर नेसून गिरकी घ्यावी तसं तिने तो शब्द फिरवून फिरवून उच्चारला. "मावका. मावका. हे माझं?"

"नाही!" वासिलीना ओरडली. "नाही गं, ते नव्हे! ते तुझं नव्हे!" आणि मग तिने ते नाव घेतलं. खरं नाव, बापाने आणलेलं. एकदा घेतलं, पुन्हा घेतलं, हात पसरून घेतलं. इतकी वर्षं तोंडात राहूनही ते विरघळलं नव्हतं. जसं आणलं होतं तसं, लख्ख बाहेर आलं.

मुलीने आधी उजवीकडे पाहिलं. मग डावीकडे. मग टाचा उंचावून राईच्या पलीकडे.

"ती कोण?" तिने विचारलं. "तुझी मुलगी आहे का?"

 वासिलीना नुसती मान हलवत राहिली. हो.

"हरवलीय?"

हो.

"तू रडू नकोस," मुलगी म्हणाली. रुमाल तिने डोक्याला बांधून टाकला, आईने बांधला होता अगदी तसाच. "मी आणते तिला शोधून. मला हे सगळं रान माहीत आहे." आणि ती पिकात शिरली. ताटं हलत हलत दूर गेली, दूर गेली, आणि कडेच्या कुंपणापाशी थांबली.

संध्याकाळी वासिलीना उघड्या डोक्याने घरी आली. पानास दारातच होता; त्या वर्षी तो गाड्यांबरोबर गेलाच नव्हता. "दिलंस?" त्याने विचारलं.

"दिलं."

"कोणतं?"

ती आत गेली.  पुढच्या वर्षी मिठाच्या गाड्या निघाल्या त्यांत पानासची गाडी होती. परतल्या त्यांत नव्हती. बरोबरचे म्हणाले, समुद्राकाठी तो एका नावाड्याच्या घरी राहिला. तिथल्या म्हातारीला नावाने हाक मारायला त्याला आवडत असे. खरंखोटं देव जाणे.

वासिलीना पुष्कळ जगली. राई असो, बर्फ असो, रोज दुपारी ती झाडाखाली उभी राहून ते नाव मोठ्याने घ्यायची. पूर्वी जे कुणाला सांगत नव्हती ते आता सगळ्या गावाला पाठ झालं. प्रत्येक हाकेसरशी रानात कुठेतरी काहीतरी हलायचं आणि तिच्यापासून लांब जायचं. एका पाद्र्याने तिला सांगून पाहिलं, की बाई, हाक मारू नकोस, तू हाक मारतेस म्हणून ते लेकरू वणवण करतं. ती म्हणाली, "आणि मी गप्प बसले तर? सात वर्षं गप्पच होते मी." पाद्री पुन्हा आला नाही.

ती गेली तेव्हा ही हाक गावाच्या बायकांकडे आली. कुणी ठरवलं, कसं ठरवलं, ते सांगत नाहीत. बहुधा पहिल्या दुपारी नुसती शांतता कुणाला सोसवली नसेल.

आजही वेर्बिचमध्ये सुईण नाळ बांधायच्या आधी नाव विचारते. बाप गावात असो नसो, आईला सुचो न सुचो. काहीच सुचलं नाही तर मारिया. बाळंतपणाला जिल्ह्याच्या इस्पितळात बाई नेली तरी तिथल्या परिचारिकेला आधी हे सांगावं लागतं. गावात मारिया इतक्या झाल्या आहेत की प्रत्येकीला दुसरं एखादं टोपणनाव लागतं. वासिलीनाच्या मुलीचं नाव मात्र कुणाच्याही मुलीला ठेवत नाहीत. रोजची हाक पुढे वर्षातून एका दिवसावर आली, एरवी ते उच्चारतही नाहीत, म्हणून दिद ओनुफ्रीही ते सांगत नाही. हे नाव कागदावरसुद्धा नको, असं त्याचं म्हणणं, आणि ते इथे पाळलेलं आहे.

तो एक दिवस म्हणजे हिरव्या आठवड्यातला गुरुवार. आजही त्या दुपारी बायका बांधावर जमतात, डोक्याचे रुमाल सोडून हातात धरतात आणि सगळ्या मिळून ते नाव घेतात. रुमाल कुणी फेकत नाही. फेकून आता उपयोग नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग त्या थांबतात. वारा पडलेला असतो, तरी नासपतीजवळची राई हलते. एक बारीक रेघ पिकातून निघते, वळते, थबकते, खाली वाकून बघावं तशी रेंगाळते आणि पार पलीकडच्या कुंपणापर्यंत जाते. तिथून, म्हणे, फार लांबून, दमलेल्या मुलीचा आवाज येतो.

"बाई, इथेही नाही गं ती."

बायका डोक्याला रुमाल बांधतात आणि घरी जातात.